सभाकंप आणि सभाधीट

चारचौघांत बोलायला उभे राहिले की पोटात गोळा येतो, हात थरथरतात, पाठ केलेले सगळे विसरते. याला मराठीत 'सभाकंप' म्हणतात. ज्याला हे होत नाही, किंवा होऊनही जो बोलतोच, तो 'सभाधीट'. दोन्ही शब्दांची सुरुवात सभेपासून होते, ही गोष्ट सहज डोळ्यांआड होते. भाषेने भीतीही सभेच्या खात्यावर टाकली आणि धीटपणाही. आज मात्र सगळा हिशेब एकट्या मुलाच्या नावावर मांडला जातो. मुलगा बुजरा असतो, मुलीत 'कॉन्फिडन्स कमी' असतो, आणि ती उणीव उन्हाळ्याच्या सुटीत दहा दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात भरून काढायची असते. महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास तपासला तर जुन्या शब्दांनी मांडलेला हिशेबच बरोबर होता असे दिसते. इथल्या तरुण मुलामुलींना कंठ फुटला तो लहान, नेमाने भरणाऱ्या, आपापसात चुका खपवून घेणाऱ्या मंडळींमध्ये. आणि यातली जवळजवळ कोणतीही मंडळी धीटपणा शिकवायला निघालेली नव्हती. त्यांना काहीतरी दुसरेच काम करायचे होते. धीटपणा त्या कामाच्या ओघात अंगी बाणला.

या रीतीचा सर्वांत जुना आणि अजून चालू असलेला नमुना गावच्या भजनी मंडळात पाहायला मिळतो. नवा पोरगा पहिल्या दिवशी गात नाही. त्याच्या हातात टाळ दिले जातात आणि त्याला मागच्या रांगेत उभे केले जाते. त्याचा ठेका चुकला तरी पंधरा-वीस टाळांच्या गजरात ती चूक विरून जाते. कुणी थांबून बोट दाखवत नाही, फार तर शेजारचा टाळकरी आपले टाळ जरा त्याच्याकडे वळवून वाजवतो. काही महिन्यांनी तो धृपद धरू लागतो, म्हणजे पुढच्याने म्हटलेले सर्वांबरोबर म्हणू लागतो. मग एखाद्या एकादशीला कुणीतरी म्हणते, आज तू चाल सांग. तेव्हा तो पहिल्यांदा एकटा गातो, पण पाठीमागे धृपद झेलायला सगळे उभे असतात. आवाज फाटला तर ते उचलून घेतात. पुढे 1917 साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तन-प्रवचनाच्या शिक्षणाला शाळेचे रूप आले. पण ही पायऱ्यांची रीत त्याआधीच गावोगाव रुळलेली होती. तिचे मर्म एवढेच की चुकणाऱ्याची चूक आधी झाकली जाते आणि मगच त्याला पुढे उभे केले जाते. आजच्या बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी मुलाला सर्वांसमोर उभे करून 'स्वतःबद्दल दोन मिनिटे बोल' असे सांगतात. क्रमच उलटा.

आधुनिक काळात या रीतीचा पहिला मोठा प्रयोग मुंबईत झाला. 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या मंडळींनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. एकाने निबंध लिहून आणायचा, तो सर्वांपुढे वाचायचा, मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, असा तिचा साधा परिपाठ होता. वर्गात हीच मुले साहेबाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत, इथे ती एकमेकांना प्रश्न विचारू लागली. हा फरक दिसायला लहान असला तरी वर्ग आणि मंडळी यांच्यातली सीमारेषा तोच आहे. त्याच वर्षी सोसायटीच्या देशी भाषांतल्या शाखा निघाल्या, मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा. मराठी सभेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. 1850 पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघू लागले. इंग्रजीत शिकलेल्या तरुणांनी इतक्या तातडीने आपापल्या भाषेत सभा काढाव्यात, यात लोकशिक्षणाची तळमळ होतीच. पण परक्या भाषेत माणूस अचूक बोलायला शिकतो आणि धीटपणे बोलायला मात्र त्याला स्वतःची भाषा लागते, हे त्यांच्या अनुभवाला आले असावे असे मला वाटते.

या सोसायटीने पुढच्याच वर्षी जे केले ते तिच्या निबंधांहून महत्त्वाचे आहे. 1849 मध्ये सभासदांनी मुंबईत मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच बिनपगारी शिकवायला उभे राहिले. मुलींना शिकवावे असा निबंध वाचणे आणि सकाळी उठून लोकांच्या दारात जाऊन 'तुमची मुलगी शाळेत पाठवा' म्हणणे, यांत केवढे अंतर आहे ते त्या काळच्या मुंबईत राहणाऱ्यालाच कळले असते. एकट्यादुकट्याने हे होणे नव्हते. दर बैठकीला तेच चेहरे भेटतात, आपण काय केले ते विचारतात, हा रेटा त्यामागे होता. तेव्हा विशीत असलेले दादाभाई नौरोजी या कामात पुढे होते. 1892 मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, तेव्हा त्यांच्या सार्वजनिक बोलण्याला चाळीसहून अधिक वर्षांची तालीम होती. त्या तालमीचा आखाडा होता मुंबईतली ही विद्यार्थ्यांची बैठक.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो त्याच काळाच्या पोटातून येतो. मंडळीत मिळालेला धीर मंडळीपुरताच राहतो, दाराबाहेर पडला की संपतो, असा तो आक्षेप. त्याचा पुरावा म्हणजे परमहंस मंडळी. 1849 च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या या गुप्त सभेत जातिभेद न मानणारे तरुण एकत्र येत. प्रार्थना होई, चर्चा होई, आणि सभासदाने जात मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा असे. पाव खाऊन मंडळी घरी जात आणि पंक्तीला नेहमीप्रमाणे सोवळ्यात बसत. सर्वांनी एकदम उघडपणे बंड करायचे, तोवर गुप्तता राखायची, असा बेत होता. 1860 च्या सुमारास सभासदांची यादीच चोरीला गेली, नावे फुटणार या धास्तीने मंडळी पांगली आणि संस्था मोडली. दहा वर्षांच्या धीटपणाचा एका वहीने निकाल लावला! पण या फजितीतून मंडळीची रीतच फोल होती असे सिद्ध होत नाही, तिची एक अट मात्र स्पष्ट होते. जिथे चुकायला मोकळीक आहे ती खोली हवीच, पण तिचे दार बाहेर उघडणारे हवे. 1867 मध्ये दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला तो उघड्या दाराने. त्याची बंडखोरी परमहंस मंडळीहून सौम्य होती, आणि तरीही तो टिकला, कारण त्यातल्या माणसाला बाहेर वेगळा चेहरा घालावा लागत नव्हता.

बायकांच्या बाबतीत तर दार हाच सगळा प्रश्न होता. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात तो बारकाईने लिहून ठेवला आहे. नवऱ्याने त्यांना घरी शिकवले, इंग्रजीही शिकवले. पण घरात शिकलेली बाई घरातच वाचत राहते. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि बायका ठरलेल्या दिवशी एकत्र जमू लागल्या. रमाबाई रानड्यांना त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे आणि अबोला सोसावा लागला. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे वाचले, तेव्हा तर घरी काहूर उठले. ते हायस्कूल 1884 मध्ये पुण्यात सुरू झाले, आणि आजही 'हुजूरपागा' म्हणून चालू आहे. यात रमाबाईंचे काय, सगळे माधवराव रानड्यांचे श्रेय, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आताही भेटतात. नवऱ्याच्या पाठबळाशिवाय हे झाले नसते हे खरेच. पण 1901 मध्ये रानडे गेल्यावरचे रमाबाईंचे आयुष्य पाहावे. मुंबईत बायकांचे मंडळ त्यांनी आधीच चालवले होते. वैधव्यात त्या पुण्याला परतल्या, 1909 मध्ये सेवासदन उभे राहिले आणि ते त्यांनी पुढे मरेपर्यंत चालवले. नवऱ्याने दिलेला धीर नवऱ्याबरोबर गेला असता. जो राहिला तो बायकांच्या बैठकीतून आलेला होता.

आता सर्वांत जड आक्षेप. या सभा-समाजांत कोण होते? बहुतेक पांढरपेशे, बहुतेक वरच्या जातींतले. ज्यांना आधीच बोलता येत होते तेच आणखी चांगले बोलू लागले, यात मंडळीचे कौतुक ते काय? हा आक्षेप खोडण्यासारखा नाही. तो मान्य करूनच पुढे जावे लागते, कारण खरा पुरावा पुढेच आहे. ज्यांना सभेत जागा नव्हती त्यांनी स्वतःच्या सभा काढल्या आणि तिथे हीच रीत अधिक ठसठशीतपणे दिसते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये वसतिगृह काढले. 1927 साली गांधीजींनी त्याला भेट दिली आणि त्याचे नाव 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' ठेवले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, आपले काम आपण करत, एका पंक्तीत जेवत. त्या मुलांना धीटपणाचा तास नव्हता. पण खेड्यातून आलेला जो मुलगा दुसऱ्या जातीच्या मुलाच्या ताटाशेजारी ताट मांडून रोज जेवला, त्याला पुढे कचेरीत साहेबासमोर खुर्चीवर बसताना अंग चोरावे लागले नाही. परमहंस मंडळीने खिडक्या लावून जे केले ते इथे रोज दुपारी, उघड्यावर, भाकरी-आमटीबरोबर होत होते.

आंबेडकरी जलसा हे त्याहून बोलके उदाहरण. 1930 च्या दशकात नाशिक भागात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली गण-गवळण बदलली आणि बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून व संवादांतून गावोगाव नेला. जलशात उभे राहणारे तरुण हातावर पोट असलेल्या घरांतले होते, शिक्षण जेमतेम. गावच्या वेशीबाहेर ज्याला दबूनच बोलावे लागे, तो त्याच गावात पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभा राहून सवर्ण सावकाराचे सोंग वठवी आणि लोकांना हसवी. सोंगाचा आडोसा इथे फार कामाचा होता. जे स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नाही ते पात्राच्या तोंडाने म्हणता येते, आणि शंभरदा म्हटल्यावर ते आपलेच होऊन बसते. मानसोपचारात आज भूमिकानाट्य वापरतात त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे, फक्त जलशाला ते कुणी शिकवलेले नव्हते. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' नाटक लिहिले आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांनी ते उभे केले. त्याच परिसरातून दलित साहित्याची एक मोठी पिढी लिहिती झाली, हा योगायोग नव्हे.

राष्ट्र सेवा दलाचा विचार याच ओळीत करायला हवा. 4 जून 1941 रोजी पुण्यात त्याची उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळी मैदानावर तासभर शाखा, तीत कवायत, खेळ, गाणी, बौद्धिक, असा क्रम असे. मैदानावरच्या रोजच्या शाखेचा हा साचा त्याआधी 1925 पासून नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने रुजवला होता. दोघांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध असले तरी साचा बराचसा सारखा होता. या साच्यावर असा आक्षेप घेतात की तो मुलांना धीट करत नाही, आज्ञाधारक करतो. शिट्टी वाजली की रांग, हुकूम आला की पाऊल. हा आक्षेप दोन्हीकडच्या कवायतीला लागू आहे आणि माझ्या मते तो बरोबर आहे. कवायतीने पाठ ताठ होते, जीभ मोकळी होत नाही. म्हणूनच सेवा दलाच्या इतिहासात मैदानाहून मला कलापथक महत्त्वाचे वाटते. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी घडवलेले हे पथक गाणी, नृत्ये आणि लोकनाट्ये घेऊन महाराष्ट्रभर फिरले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केले, त्याआधीच्या प्रचाराच्या दौऱ्यातही कलापथक बरोबर होते. म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या पोरांना एका गावात टाळ्या मिळत आणि दुसऱ्या गावात लोक पाठ फिरवत. रात्री मुक्कामाच्या जागी त्यावर बोलणे होई, दुसऱ्या दिवशी एखादे वाक्य बदलले जाई. कवायतीत चुकलेल्याला रांगेबाहेर काढतात. कलापथकात चुकलेले वाक्य सगळे मिळून नीट करत.

या पथकांतून पुढे आलेली नावे सर्वांना ठाऊक आहेत. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. दादा कोंडके मुंबईच्या नायगावातले गिरणी कामगाराचे चिरंजीव. राम नगरकर नाभिक समाजातले, आपल्या व्यवसायाची गोष्ट त्यांनी पुढे 'रामनगरी'त सांगितली. स्मिता पाटीलही लहानपणी सेवा दलात वाढल्या. ही यादी वाचून कुणी म्हणेल की ही माणसे मुळातच प्रतिभावान, सेवा दल नसते तरी ती वर आलीच असती. एवढ्या नावांवरून काही सिद्ध होत नाही हे मी मानतो, कारण गाजलेली नावे आपण मागाहून निवडलेली असतात. पण या रीतीचा खरा पुरावा गाजलेल्यांत नाहीच. तो त्या हजारोंमध्ये आहे जे पुढे शाळामास्तर झाले, सहकारी बँकेत लागले, ग्रामपंचायतीवर निवडून आले, गावचे वाचनालय चालवू लागले. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या पिढीनंतर महाराष्ट्रात ज्या असंख्य लहान संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या कार्यकारिणीच्या वह्या उलगडल्या तर सेवा दलाच्या शाखेत वाढलेला कुणी ना कुणी सापडतोच. सभेत ठराव मांडणे, विरोध नोंदवणे, हिशेब वाचून दाखवणे, ही चारचौघांत वावरण्याची कौशल्येच आहेत. ती शिकवायला आज पैसे घेतात.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते मंडळीच्या जागी स्पर्धा आली तेव्हा. स्पर्धेचे वाकडे नाही. 1963 पासून पुण्यात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी रंगभूमीला किती माणसे दिली ते सर्वश्रुत आहे. पण एकांकिकेच्या स्पर्धेतही मूळ घटक असतो संघ. त्यात पडदा ओढणारा असतो, प्रकाश पाहणारा असतो, संवाद विसरला तर विंगेतून सांगणारा असतो. दहा-पंधरा जणांची तालीम आणि त्यातला चहा, हीच खरी कमाई. शाळाशाळांतली वक्तृत्व स्पर्धा मात्र एकट्याची. पाठ केलेले भाषण, घंटेआधी संपवायचे, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक, आणि उरलेले पन्नास जण घरी. बक्षीस मिळते ते ज्याला आधीच बोलता येते त्याला. सभाकंप असलेला मुलगा पहिल्या फेरीत बाद होतो आणि पुन्हा नाव देत नाही. उदारीकरणानंतर नोकरीच्या मुलाखती आणि 'ग्रुप डिस्कशन' आले, तसे धीटपणा हे विकायचे कसब झाले आणि त्याचे वर्ग गल्लोगल्ली निघाले.

या वर्गांच्या बाजूने एक म्हणणे गंभीर आहे, त्याला टाळून चालणार नाही. काही मुलांची भीती साधी नसते. ती आजाराच्या हद्दीत जाते, शाळा सुटते, झोप उडते. अशा मुलांना 'जा, भजनात बस' म्हणणे क्रूरपणाच. त्यांच्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकाने चालवलेले लहान गट हवेत, आणि ते महाराष्ट्रात आहेतही. 1990 मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'सारख्या (आयपीएच) संस्थांनी हे काम मराठीत, मराठी घरांना समजेल अशा भाषेत केले. पण असा चांगला गट कसा चालतो ते बघितले तर जुनीच रीत दिसते. सभासद ठरलेले, दिवस ठरलेला, जे बोलले जाते ते बाहेर जात नाही, चुकणाऱ्याला हसायचे नाही, आणि आज ऐकणाऱ्याने पुढच्या वेळी बोलायचे. भजनी मंडळाचे आणि 1848 च्या बैठकीचे नियम याहून फार वेगळे नव्हते. एक गोष्ट वेगळी आहे आणि तीच कठीण आहे. जुन्या मंडळीकडे करायला काम होते, शाळा काढायची होती, मंदिर उघडायचे होते. आजच्या गटाकडे बहुधा एकमेकांशिवाय दुसरे काही नसते. चांगले समुपदेशक ही अडचण ओळखतात आणि गटाला काहीतरी करायला लावतात, अंक काढणे, सहल ठरवणे, एखादे नाटुकले बसवणे. कमी दर्जाचे वर्ग आरशासमोर उभे राहून स्वतःची स्तुती करायला लावतात.

तेव्हा पुढच्या सुटीत मुलाचे नाव कुठे घालायचे ठरवताना, शुल्काची पावती फाडण्याआधी, दोन गोष्टी विचारून घ्या. हीच मुले पुढच्या महिन्यातही एकमेकांना भेटणार आहेत का? आणि ही सगळी मिळून नक्की करणार काय आहेत? उत्तरादाखल नुसते प्रमाणपत्राचे नाव ऐकू आले, तर गल्लीतल्या गणेश मंडळाकडे जा. आरतीला टाळ धरणारा एक माणूस त्यांना नेहमीच कमी असतो.